कोन आहे रे तिकडे?

महाराष्ट्रात सध्या सर्वांत बारकाईनं वाचलं जाणारं लेखन कोणतं, असं साहित्य संमेलनाच्या परिसंवादात विचारलं तर चार वक्ते चार पुस्तकांची नावं घेतील आणि चौघंही चुकतील. ते लेखन कंडिशनरच्या बाटलीच्या पाठीवर छापलेलं असतं. त्याला कथानक नाही, क्रियापद नाही, विरामचिन्हांत नुसते स्वल्पविराम. अक्षर असं की अर्जुनालाही चष्मा लागावा. तरी वाचक सुपरमार्केटात उभ्याउभ्या वाचतो, मोबाइलनं फोटो काढून बोटांनी ताणून वाचतो, मैत्रिणीला पाठवून तिचा निकाल येईपर्यंत ट्रॉली आडवी लावून थांबतो. असा एक वाचक मिळावा म्हणून कवी हयात घालवतात.

हाच वाचक घराच्या करारनाम्यावर 'इथं, इथं आणि मागच्या पानावर' सह्या करताना मान वर करत नाही. विम्याच्या कागदांतली वगळलेल्या आजारांची यादी त्यानं कधी उघडलेली नसते. बाटलीसमोर मात्र त्याच्यातला फौजदार जागा होतो. आरोपीही ठरलेला असतो: सिलिकॉन.

आरोपी ओळखायला सोपा आहे, ते आधी सांगून टाकू. इंग्रजी नावाच्या शेपटाला 'कोन', 'कोनॉल' किंवा 'सायलोक्सेन' असलं की सापडला. डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन, फेनिल ट्रायमेथिकोन, डायमेथिकोनॉल, सायक्लोपेंटासायलोक्सेन. नावाच्या आधी 'पीईजी' आणि एखादा आकडा असेल, उदाहरणार्थ पीईजी-१२ डायमेथिकोन, तर ते पाण्याशी जमवून घेणारं. नुसती 'सिलिका' दिसली तर दचकू नये, ती वाळूच्या घराण्यातली आणि वेगळी. झाला अभ्यास. एवढ्या भांडवलावर बारावीनंतर रसायनशास्त्राला हात जोडून निघालेली मंडळी आता लग्नाच्या पंगतीत पॉलिमरवर बोलतात. शिक्षण खात्याला जमलं नाही ते कंडिशनरच्या बाटलीनं करून दाखवलं.

शोध संपला की वाटणी. सिलिकॉनवाली बाटली ओवळ्यातली, बिनसिलिकॉनची सोवळ्यातली आणि पाण्यात विरघळणारं सिलिकॉन असलेली उपासाला चालणारी. त्यातही शाखाभेद आहेत. अमोडायमेथिकोन एकटं आढळलं तर ओवळं. पण त्याच्या शेजारी ट्रायडेसेथ-१२ आणि सेट्रिमोनियम क्लोराइड बसलेले दिसले, तर काही शाखा त्याला पंक्तीला घेतात. सत्संगानं ते पाण्यात विरघळू लागतं अशी श्रद्धा आहे. वास्तविक हे दोघे त्याचे भालदार-चोपदार. सिलिकॉन पाण्यात नीट मिसळून राहावं, वर तरंगू नये, एवढ्यासाठी कारखान्यातूनच त्याच्याबरोबर निघालेले. केसावर बसल्यावर अमोडायमेथिकोन स्वभाव बदलत नाही. तरी शास्त्रार्थ रंगतो, पोटशाखा फुटतात, कुणी बहिष्कृत होतं. आजीनं स्वयंपाकघरातलं सोवळं कधीच सोडलं. नातीनं ते न्हाणीघरात पुन्हा मांडलं.

या सोवळ्याचा धर्मग्रंथही आहे. न्यूयॉर्कमधल्या केशकलाकार लॉरेन मॅसी यांनी या शतकाच्या सुरुवातीला कुरळ्या केसांची एक पद्धत पुस्तकातून मांडली. तिचं तर्कशास्त्र नीट होतं. सल्फेटवाला शाम्पू कुरळ्या केसांना कोरडं करतो, म्हणून तो सोडा. तो सोडला की पाण्यात न विरघळणारं सिलिकॉन धुऊन काढणं कठीण जाईल, म्हणून तेही सोडा. म्हणजे मुख्य कलम शाम्पूचं आणि सिलिकॉनबंदी हे त्याचं पोटकलम. आपल्याकडे पोटकलम आलं, मुख्य कलम वाटेत कस्टमनं अडवलं. शाम्पू घरात तोच, फेसाळ, सल्फेटचा, जो डायमेथिकोन मुकाट्यानं धुऊन काढतो. त्यानंतर लावायचा कंडिशनर मात्र सोवळ्यातला. आणि हे व्रत ज्यांच्या केसांत जन्मात एक वळण पडलेलं नाही, तेही निष्ठेनं पाळतात.

'पण सिलिकॉनचा थर बसतो ना!' हे वाक्य बहुधा रविवारी सकाळी, डोक्यावर खोबरेल थापलेलं असताना उच्चारलं जातं. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, असा शोधनिबंध मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. खोबरेल विकणाऱ्या कंपनीला खोबरेल गुणकारी आढळावं यात कुणी दचकू नये. निष्कर्ष टिकून आहे. पण आत शिरतं ते थोडं. बाकीचं बाहेर थर करून बसतं, उशीच्या अभ्र्यावर आपला नकाशा काढतं आणि सोफ्याच्या पाठीवर पिढ्यान्पिढ्यांची खूण ठेवून जातं. त्या थराला आपण 'पोषण' म्हणतो. सिलिकॉनचा असतो तो 'थर'.

आरोपपत्रातली बाकीची कलमंही बघून टाकू.

कलम पहिलं: केसांचा श्वास कोंडतो. केस श्वास घेत नाही. कातडीच्या बाहेर आलेला केस मेलेला असतो. जिवंत काय ते खाली, मुळाशी. त्यातून सिलिकॉन इतकं हवेशीर की बुबुळाला ऑक्सिजन मिळावा म्हणून कॉन्टॅक्ट लेन्समध्ये ते वापरतात. डोळ्यातल्या जिवंत पेशींना जे चालतं, ते डोक्यावरच्या मयताला गुदमरवतं, हा शोध अजून कुठल्या प्रयोगशाळेत लागायचा आहे.

कलम दुसरं: केस गळतात. रोज पन्नास ते शंभर केस कोणत्याही धडधाकट माणसाचे गळतात. मोरीच्या जाळीवर जमलेला पुंजका हा पुरावा नसतो, ती दैनंदिन आवक-जावक असते. सिलिकॉन काम करतं केसाच्या लांबीवर. मुळाशी त्याचं काही दुकान नाही.

कलम तिसरं: साचतं. यात तथ्य आहे. केस पातळ असतील, शाम्पू फार सौम्य असेल, तर थरावर थर बसून केस चापट होतात, टाळूला चिकटून राहतात. गुन्हा कबूल. शिक्षा: एकदा जोरकस शाम्पूनं न्हाणं. याहून मोठी शिक्षा या गुन्ह्याला कोणत्याही न्यायालयात होणार नाही.

आता आरोपीची बाजू. केसाच्या बाहेरच्या अंगाला खवले असतात. रंग, उष्णता, ऊन आणि रोजची ओढाताण यांनी ते उचकटतात, एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. सिलिकॉन त्यांच्यावर पातळ आवरण घालतं, फणी घसरते, केस तुटायचे वाचतात. अमोडायमेथिकोनची गंमत आणखी आहे. त्याच्या रेणूला कंडिशनरच्या आंबट माध्यमात धन भार येतो आणि केसाचा खराब झालेला भाग ऋण भाराचा असतो. म्हणून ते निरोगी भागावर कमी आणि खराब भागावर जास्त बसतं. खरोखरच्या गरजूलाच लाभ पोहोचवणारी देशात चालू असलेली ही एकमेव योजना असावी. अर्ज नाही, आधार जोडणी नाही.

डोक्यावरून जरा पोटात उतरू. घरातल्या रिफाइंड तेलाची पिशवी घ्या आणि तिची पाठ वाचा. बऱ्याच पिशव्यांवर 'आयएनएस ९००ए' असा एक निरागस आकडा सापडेल. फेस न येऊ देणारा घटक. त्याचं पूर्ण नाव डायमेथिलपॉलिसायलोक्सेन, म्हणजे शेपटीला सायलोक्सेन, म्हणजे आपला आरोपीच, दुसऱ्या नावानं राहणारा. खाद्यतेलात किलोमागे दहा मिलिग्रॅमपर्यंत त्याला परवानगी आहे, आणि त्या प्रमाणात ते कुणाला काही करत नाही. तर डायमेथिकोन दिसल्याबरोबर बाटली मांडणीवर परत ठेवून आपला दक्ष नागरिक दुकानाबाहेर येतो आणि गाडीवर उभा राहून दोन वडापाव खातो. कढईतल्या तेलाची पाठ वाचायला मागत नाही.

संध्याकाळी पोट फुगतं. मग औषधाच्या दुकानातून गॅसवरची बाटली येते. तिच्यात बहुधा सिमेथिकोन असतं. शेपटीला कोन! डायमेथिकोनमध्ये थोडी सिलिका घातली की सिमेथिकोन. ते पोटात जातं, बुडबुडे फोडतं आणि न पचता, न मुरता पुढे निघून जातं. उवा मारायच्या काही लोशनांतही डायमेथिकोनच असतं. म्हणजे कढईत चालतं, पोटात चालतं, उवांच्या डोक्यावर चालतं. अडतं ते फक्त आपल्या.

डोक्याचं की पोटाचं हा वाद आपल्याकडे थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन आलेला आहे. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल हे खाद्यतेल की केशतेल? प्रश्न कराचा होता, त्यामुळे जिव्हाळ्याचा होता. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. डिसेंबर २०२४ मध्ये तिघांच्या पीठानं निकाल दिला: बाटलीवर केशतेल म्हणून लिहिलं नसेल, तर नुसती बाटली लहान आहे म्हणून त्याला केशतेल म्हणता येणार नाही, ते खाद्यतेलच. अनेक वर्षं वकिलांच्या फौजा लढल्या आणि शेवटी न्यायालयानंही केलं काय, तर लेबल वाचलं.

तेव्हा लेबल वाचण्याला आमचा विरोध नाही. वाचावंच. फक्त फौजदार ज्या गल्लीत शिट्टी वाजवतोय, त्याच्या शेजारच्या गल्लीत काय चाललंय तेही बघावं.

यादीच्या तळाशी कधी कधी मेथिलआयसोथायाझोलिनोन नावाचं एक प्रकरण असतं. शेपूट 'नोन' असल्यामुळे कोनवाल्यांच्या झडतीतून ते सहीसलामत सुटतं. हे बुरशी आणि जंतू रोखणारं द्रव्य. काही लोकांना त्याची खरोखरीची ॲलर्जी होते: खाज, पुरळ, लाल चट्टे. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' असा किताब दिला. युरोपीय संघानं २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनांत दहा लाखांत पंधरा भाग ही मर्यादा ठेवली. मानेवर सारखी खाज येणाऱ्या माणसानं शोधायचं असेल तर हे शोधावं. पण त्याच्याविरुद्ध चळवळ नाही. उच्चारायला अवघड नावाविरुद्ध घोषणा देता येत नाहीत, हे त्याचं नशीब.

दुसरी गल्ली: 'अल्कोहोल'. यादीत सेटिल अल्कोहोल, सेटेरिल अल्कोहोल दिसलं की दारूबंदी खातं जागं होतं. हे मेणचट पदार्थ आहेत, कंडिशनरला दाटपणा आणि केसाला मऊपणा देणारे. यांनी ना केस झिंगतो, ना कोरडा पडतो.

तिसरी गल्ली सगळ्यांत मनोरंजक, आणि तिथं शिट्टी वाजतच नाही. बाटलीच्या छातीवर कांदा असतो. किंवा जास्वंद, माका, आर्गन, कोरफड. कांदा असा की त्याच्या पातीवर दवबिंदू. आता पाठ बघा. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. एक टक्का किंवा कमी असलेले मात्र त्यांच्यामागे कोणत्याही क्रमानं लिहिता येतात. त्या सीमेची खूण सांगतो: फिनॉक्सीइथेनॉल. हे टिकाऊपणासाठीचं द्रव्य साधारण एक टक्क्याच्या आत वापरतात. त्याच्या मागे जो उभा, तो एक टक्का किंवा त्याहून कमी. आता शोधा कांदा. बहुतेकदा तो फिनॉक्सीइथेनॉलच्या मागे, सुगंधाच्या शेजारी, रांगेच्या शेपटाशी अंग चोरून उभा असतो. लासलगावात कांद्याला भाव मिळो न मिळो, बाटलीवरच्या चित्रातल्या कांद्याला उत्तम भाव आहे. आणि त्याला निर्यातबंदी नाही.

आमची तक्रार आहे ती इथं. पुढच्या बाजूला काय आहे ते विकतात आणि काय नाही तेही विकतात. दोन्हींत जास्त फायदा 'नाही'चा. पॅराबेन नाही, सल्फेट नाही, सिलिकॉन नाही, मिनरल ऑइल नाही. 'आहे' विकायचं तर ते आधी विकत घ्यावं लागतं, आणावं लागतं, मिसळावं लागतं. 'नाही'ला कच्चा माल लागत नाही, गोदाम लागत नाही, ट्रक लागत नाही, ते सडत नाही. शाई तेवढी लागते. वनस्पतीच्या तेलात मुळात कोलेस्टेरॉल नावाला असतं, तरी 'कोलेस्टेरॉलमुक्त' असं छापून आपल्याला कित्येक वर्षं शेंगदाण्याचं तेल विकलं गेलं. त्याच शाळेतला हा पुढचा वर्ग.

बरं, सिलिकॉन काढलं की जागा रिकामी राहते का? छे. फणी तर घसरलीच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक परत येणार नाही. मग तिथं सी१३-१५ अल्केन येतं, कोको-कॅप्रिलेट येतं, कधी ब्रासिसिल आयसोल्युसिनेट एसिलेट येतं. कामं तीच: थर द्यायचा, घसरण आणायची, चमक द्यायची. वाईट नाहीत ती, काही तर चांगलीच आहेत. पण सिलिकॉनचा थर नको म्हणून दुसऱ्या कशाचा तरी थर चढ्या भावानं घेतला, एवढाच त्या क्रांतीचा हिशेब. केस उपटल्यानं मढं हलकं होत नाही, असं आपले जुने लोक सांगून गेले. बाटलीतून एक नाव उपटलं म्हणून बाटलीही हलकी होत नाही. खिसा होतो.

सिलिकॉनविरुद्ध एक खरंखुरं प्रकरण आहे, पण ते शोधणारा फौजदार विरळा. युरोपीय संघानं ३१ जानेवारी २०२० पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत डी४ आणि डी५ या दोन वलयाकार सिलिकॉनांवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. डी५ म्हणजे तेच सायक्लोपेंटासायलोक्सेन. कारण केस नव्हते. कारण होतं मोरीतून पुढे जाणारं पाणी. ही द्रव्यं निसर्गात लवकर मोडत नाहीत, जलचरांच्या अंगात साठत जातात. म्हणजे काळजी करण्यासारखं जे काही आहे, ते केसावरून उतरल्यावर सुरू होतं. आणि नेमकं तिथं आपलं कुतूहल संपतं. केसावर सिलिकॉन राहू नये म्हणून चार-चार तांबे पाणी ओतणाऱ्याला ते पाणी मुळा-मुठेत जातं की मिठीत, हे विचारून बघा. 'ते महापालिकेचं काम' असं उत्तर येईल. सिलिकॉनही महापालिकेचं असतं तर बरं झालं असतं. कुणी बोललंच नसतं.

सगळ्यांत मोठी गंमत पुढेच आहे. ही सगळी वाचनसंस्कृती बाटलीची. पुडीचं काय? शाम्पू पुडीत भरून विकायची युक्ती तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांची. पुढे त्यांच्या मुलांनी आणि मोठमोठ्या कंपन्यांनी तिचं साम्राज्य केलं, पुडी रुपयाला मिळू लागली, पन्नास पैशांतही मिळाली. शाम्पू झोपडीपर्यंत पोचला, हे पुडीचं पुण्य. आता कंडिशनरचीही पुडी टपरीवर माळेनं लटकते. आणि त्याच २०२० च्या नियमांत एक सवलत आहे: साठ मिलिलिटरपेक्षा लहान द्रवाच्या आणि तीस ग्रॅमपेक्षा लहान घट्ट पदार्थाच्या वेष्टनावर घटकांची यादी नसली तरी चालतं. छापली तर कंपनीचा मोठेपणा, न छापली तर कायद्याची सोय. म्हणजे घटक जाणून घेण्याचा अधिकार साठ मिलिलिटरपासून सुरू होतो. लोकशाहीत मताला किमान वय असतं, माहितीला किमान माप. ज्या बाईला रोज पुडी घ्यावी लागते, तिला डायमेथिकोन टाळायचंय की मेथिलआयसोथायाझोलिनोन, हा प्रश्नच पडू नये अशी व्यवस्था आहे. सोवळं पाळायलाही आधी मोठी बाटली परवडावी लागते.

तीच तऱ्हा पार्लरची, फक्त तिथं ऐपत उलट्या टोकाची. कंडिशनरमध्ये कोन सापडला म्हणून हळहळणारी तरुणी त्याच महिन्यात पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घेते. तिथं डोक्याला काय लावलं ते वाटीत कालवून आलेलं असतं. वाटीला पाठ नसते, पाठीवर यादी नसते. अशा काही उपचारांत तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड सुटतं. २०२४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका तरुणीची हकीकत आली: तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. क्रीममध्ये ग्लायऑक्झिलिक आम्ल होतं. मूत्रपिंड हा अवयव केसांपासून बराच लांब आहे असं आपण समजत होतो. वाटी घेऊन उभ्या असलेल्या ताईला 'यात काय आहे हो?' एवढं विचारायला रसायनशास्त्र लागत नाही. पण तिथं आपण डोळे मिटून घेतो, कारण मान मागे टेकवलेली असते आणि पैसे आधी भरलेले असतात.

आणि पाणी? बोअरवेलचं, टँकरचं, जड पाणी. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बादलीवर पांढरा थर देतं, नळाच्या तोंडाशी खपली धरतं, गीझरचं आयुष्य खातं. तेच केसांवरही बसतं, केस राठ आणि निस्तेज करतं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की केसांची तक्रार सुरू होते आणि शिक्षा होते कंडिशनरला. टँकरवाल्याला कुणी घटकांची यादी मागत नाही. मागितली तर उद्या तो येणार नाही, ही भीती. कंडिशनर बिचारा उलट बोलत नाही, न्यायाला तो सोयीचा.

आता ज्यांना एवढ्या लांबणीनंतर निकालच हवाय त्यांच्यासाठी. केस पातळ आहेत, लगेच चापून बसतात, किंवा सल्फेटचा शाम्पू तुम्ही खरोखर सोडलाय: बिनसिलिकॉनचा कंडिशनर घ्या, फरक दिसेल. केस जाड, कोरडे, रंगवलेले, गुंता होणारे आहेत: सिलिकॉनचा घ्या, बिनधास्त, आणि जड वाटायला लागले की एकदा जोरकस शाम्पूनं धुवा. वेगवेगळ्या घरांत वेगवेगळा निकाल लागेल. बहिणीचा कंडिशनर बहिणीला, तुमचा तुम्हाला. डोकं ज्याचं त्याचं असतं, निदान केसांच्या बाबतीत तरी तसं राहू द्यावं.

आणि यादी वाचायचीच, तर मधूनच घुसून कोन शोधण्यापेक्षा पहिल्या शब्दापासून वाचा. पहिला शब्द जवळपास सगळ्या बाटल्यांवर एकच असतो: 'ॲक्वा'. म्हणजे पाणी. बाटलीत सगळ्यांत जास्त तेच, आणि तुम्ही मोजलेल्या पैशांत सगळ्यांत मोठा वाटा त्याचाच. स्वस्त बाटलीत पाणी, महागात पाणी, सिलिकॉनवालीत पाणी, बिनसिलिकॉनवालीत त्याहून महाग पाणी. 'कोन आहे रे तिकडे' म्हणून खुशाल ओरडत राहा. तिकडे पाणी आहे, आणि ते हातात भिंग घेतलेल्या गिऱ्हाइकाला लॅटिन नाव सांगून आरामात विकलं जातंय.